दुसऱ्याचे दिवस मोजणारा माणूस

बारामतीच्या न्यायालयातून निकालाची नक्कल हातात आली, की तिच्यावरचा शिक्का नीट पाहा. नकलेसाठी अर्ज कधी केला, ती तयार कधी झाली, मिळाली कधी, हे त्यात तारखांनिशी असतं. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला मुदत 30 दिवसांची. पण 1963 च्या मुदत कायद्यानं केवढी विलक्षण सोय केली आहे! नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीत धरायचेच नाहीत. तिकडे कागद तयार होत असतो, तोवर कायद्याचं घड्याळ थांबून राहतं.

हे घड्याळ सांभाळायचं कुणी? बांधाच्या वादात अडकलेला इंदापूरचा शेतकरी उसाची तोड आणि पाण्याची पाळी अचूक सांभाळतो. न्यायालयातल्या दिवसांची मोजणी मात्र तो वकीलपत्रावर सही करून दुसऱ्याच्या हाती देतो.

ती मोजणी राहते वकिलाच्या डायरीत. पुढची तारीख पडली, की वकील ती आजच्या पानावर लिहितो आणि त्या तारखेचं पान उघडून तिथे दाव्याचा नंबर टाकतो. ही दुसरी नोंद राहिली, तर त्या दिवशी पुकारा होतो आणि ‘हजर’ म्हणायला कुणी नसतं. दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो. तो पुन्हा चालू करून घेण्याच्या अर्जालाही 30 दिवसांचीच मुदत!

म्हणून भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम सांगतात, की घेतलेलं काम पुरेशा कारणाशिवाय आणि पक्षकाराला वेळेत कळवल्याशिवाय सोडायचं नाही; त्याचं हित सचोटीनं, निर्भयपणे जपायचं.

रफीक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात वकील गैरहजर राहिल्यानं अपील फेटाळलं गेलं होतं. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा सुनावणीला घ्यायला लावलं. वकील नेमून, फी देऊन निर्धास्त झालेल्या खेड्यातल्या माणसानं वकिलावरच पहारा ठेवायचा का, असा त्या निकालाचा आशय होता.

तरी दर वेळी माफी मिळतेच असं नाही. पक्षकारानंही जागं राहावं, असं न्यायालयांनी पुढे बजावलं आहे. म्हणून तारखेला जाता आलं नाही, तरी संध्याकाळी एक फोन जरूर करा: “वकीलसाहेब, पुढची तारीख काय पडली?” नेटका वकील डायरी उघडून लगेच सांगतो. तुमचे दिवस त्यानं मोजलेले असतात.