कंपायलर फिरतच राहतो तेव्हा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घडवणाऱ्या कारागिराच्या हाताशी कानस, पटाशी अशी मोजकीच हत्यारं असतात, बाकीची पेटीत. प्रोसेसरचंही तसंच. त्याच्या हाताशी असलेल्या जागा म्हणजे रजिस्टर. एक्स८६-६४ प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण कामाची अशी रजिस्टरं मुळात १६. प्रोग्रॅममधल्या किमती मात्र शेकडो. कोणती किंमत कधी कुठे ठेवायची, हे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ठरवतो.

१९८१ मध्ये आयबीएमच्या ग्रेगरी चायटिन आणि सहकाऱ्यांनी यासाठी नकाशा रंगवण्यासारखी पद्धत मांडली. एकाच वेळी लागणाऱ्या किमतींना वेगळे रंग द्यायचे. रंग म्हणजे रजिस्टर. रंग पुरले नाहीत, तर एखादी किंमत मेमरीत ठेवायची आणि वाटप पुन्हा पहिल्यापासून करायचं.

गोम इथेच आहे. मेमरीतली किंमत वापरताना क्षणभर रजिस्टरमध्ये आणावी लागते. त्यासाठी कंपायलर एक तात्पुरती किंमत तयार करतो. पुढच्या फेरीत तीच मेमरीत धाडली, तर तिच्यासाठी आणखी एक! पेटीतून काढलेली कानस न वापरताच परत पेटीत. काम सरत नाही, फेरे संपत नाहीत.

उपाय साधा आहे: तात्पुरत्या किमतीला हलवण्याचा खर्च ‘अनंत’ धरायचा. मग जागा सोडावी लागते ती दीर्घकाळ अडून बसलेल्या किमतीला. जीसीसी हा कंपायलर शिवाय फेऱ्या मोजतो. ३० झाल्या की चूक दाखवून थांबतो. त्याने फेरा तुटतो. मूळ दोष मात्र शोधावाच लागतो.