मोटारीचा मागचा तांबडा दिवा काळा करू नका



पनवेल तालुक्यातील किती तरी जमीन नव्या मुंबईसाठी, महामार्गांसाठी आणि विमानतळासाठी गेली. कुणाला मोबदला मिळाला, कुणाला साडेबारा टक्के योजनेतला भूखंड मिळाला. ज्या अंगणात पूर्वी बैलगाडी सुटत असे, तेथे आज मोटार उभी दिसते. त्यात वाईट काही नाही. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात नेता येते, भाजीचे चार करंडे बाजारात पोचवता येतात.

पण गाडी दारात आली की घरातल्या तरुण मुलांना तिला सजवण्याची हौस येते. त्यातला एक प्रकार अलीकडे बराच दिसतो. गाडीच्या मागच्या तांबड्या दिव्यांवर काळसर फिल्म चिकटवायची किंवा धुरकट रंगाचा स्प्रे मारायचा. गाडी रुबाबदार दिसते, असे मुले सांगतात. खर्चही फार येत नाही, म्हणून वडीलधारी माणसे ‘करू दे’ म्हणतात. या हौसेत जीव कसा गुंतलेला आहे, ते आज समजून घेऊ.

मागचा दिवा कुणासाठी?

पुढचा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून असतो. मागचा दिवा आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून असतो. पूर्वी रात्री बैलगाडी निघाली की तिच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. त्याची काच राखेने घासून पुसण्याचे काम घरातल्या पोरांकडे असे, कारण काजळी धरलेला कंदील न लावल्यासारखाच. आज आपण दुकानदाराला पैसे देऊन दिव्यावर काजळी धरवून घेतो आहोत.

शेडनेटचा हिशोब

तुमच्यापैकी अनेकांनी रोपवाटिकेसाठी शेडनेट वापरले असेल. पन्नास टक्क्यांची जाळी घातली की निम्मा उजेड आत येतो. तीच जाळी दुहेरी घातली तर निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव उजेड उरतो. फिल्मचेही तसेच आहे.

बल्बचा उजेड फिल्ममधून एकदाच बाहेर पडतो. निम्मा उजेड जाऊ देणारी फिल्म असेल, तर दिवा निम्मा मंद होतो. पण मागच्या दिव्याच्या काचेत बहुधा आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे रिफ्लेक्टर. काही गाड्यांत तो खाली बंपरवर असतो. मागून येणाऱ्या वाहनाचा उजेड त्यावर पडतो आणि परत त्या चालकाकडे जातो. बॅटरी उतरली, फ्यूज उडाला, गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली, तरी रिफ्लेक्टर आपले काम करतो. संकटाच्या वेळचा तोच खरा सोबती.

या रिफ्लेक्टरवर फिल्म आली की उजेडाला ती दोनदा ओलांडावी लागते, एकदा आत जाताना आणि एकदा परत येताना. म्हणजे दुहेरी जाळी झाली. निम्मा उजेड जाऊ देणाऱ्या फिल्ममधून पावच उजेड परत जातो. तीस टक्के उजेड जाऊ देणारी गडद फिल्म असेल, तर शंभरातला फक्त नऊ भाग परत जातो. अंगणात उभे राहून पाहताना दिवा ‘दिसतोय की’ असे वाटते. बंद पडलेली गाडी रस्त्यावरून दिसेनाशी झालेली असते, ते मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

आपले रस्ते आणि आपला पाऊस

पनवेल म्हणजे रस्त्यांचा नाका. पळस्पे फाट्यावरून गोव्याचा महामार्ग निघतो, जुना पुणे रस्ता शेडुंगकडे जातो, कळंबोलीहून द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर ट्रेलर रात्रंदिवस चालू असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडते. ही लांबी अख्ख्या कंटेनर ट्रेलरपेक्षा जास्त आहे. तुमचा दिवा मागच्या चालकाला एक सेकंद उशिरा दिसला, तर तो २२ मीटर जवळ आलेला असतो. भरलेले वाहन आणि ओला रस्ता असेल तर तेवढ्या अंतरानेच होत्याचे नव्हते होते. जून ते सप्टेंबर कर्नाळ्याच्या बाजूला मुसळधार पावसात धड दिवेही पुसट दिसतात, मग काळे केलेले काय दिसणार?

दिवसाही धोका टळत नाही. साध्या बल्बच्या गाडीत मागचा दिवा ५ वॅटचा आणि ब्रेकचा २१ वॅटचा असतो. या फरकावरूनच मागच्या माणसाला ब्रेक लागल्याचे कळते. दुपारच्या कडक उन्हात काळ्या काचेमागे ब्रेकचा दिवा पेटला की नाही, याचा पत्ता लागत नाही. यावर उपाय म्हणून कुणी जास्त वॅटचा बल्ब बसवतात. तसे करू नका. उष्णतेने होल्डर आणि प्लॅस्टिकची काच वितळते, वायरही तापते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत मागचा तांबडा दिवा दुरून दिसलाच पाहिजे. मागची नंबरपाटी पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. वाहनात मनाला येईल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला नियमबाह्य अशा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

दुकानदार म्हणतो, ‘ही फिल्म अमुक टक्क्यांची आहे, चालते.’ त्याला भुलू नका. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, हा नियम खिडक्यांच्या काचांचा आहे, दिव्यांचा नाही.

हौस पुरवायची असेल तर

काही गाड्यांना कंपनीतूनच गडद दिसणारे दिवे येतात. ते त्यांच्या बल्बसह आणि रिफ्लेक्टरसह तपासून मंजूर झालेले असतात. तुमच्या गाडीच्या नमुन्यासाठी कंपनीचाच असा मंजूर दिवा मिळत असेल, तर तो अधिकृत दुकानातून बसवून पावती जपून ठेवा. मिळत नसेल, तर सीटकव्हर, चाकांच्या टोप्या यांवर हौस भागवा. दिव्याला हात लावू नका.

फिल्म आधीच लावली असेल तर हेअर ड्रायरने किंवा कोमट पाण्याने गरम करून एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलून काढा आणि साबणाच्या पाण्याने डिंक धुवा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. त्याने प्लॅस्टिकची काच पांढुरकी पडते व तडकते. स्प्रे मारलेला असेल तर खरवडत बसण्यापेक्षा काच बदलणे बरे.

ट्रॉलीकडेही पाहा

ऊस गाळपाच्या दिवसांत रात्री चालणाऱ्या ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावा, असे आम्ही शेतकऱ्यांना सांगत असतो. आपल्याकडे ऊस नसला तरी पेंढ्याच्या आणि विटांच्या ट्रॉल्या आहेत. पेंढा मागे लोंबून दिवे झाकत नाही ना, ते पाहा. ट्रॉलीला मागे दोन्ही बाजूंना तांबडे रिफ्लेक्टर हवेतच. शिवाय रेडियमची पट्टी मागे तांबडी, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी लावा. चिखल लागला की पुसा.

घरच्या घरी तपासणी करणे सोपे आहे. अंधार पडल्यावर गाडी मोकळ्या जागी उभी करा आणि शंभर पावले मागे जा. मुलाला आधी दिवे लावायला सांगा, मग ब्रेक दाबायला सांगा. शेवटी दिवे बंद करून तेथूनच बॅटरीचा झोत गाडीवर टाका आणि रिफ्लेक्टर चमकतो का ते पाहा. शेजाऱ्याची फिल्म न लावलेली गाडी बाजूला उभी केलीत, तर फरक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग फिल्म काढायला तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही.