बिनतारी जाळ्याची निवड

मराठी विषय घेऊन तृतीय वर्षाला बसलेल्या विद्यार्थिनीने वाय-फायच्या उपकरणांवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु गरज पडली म्हणजे माणूस काय काय शिकतो, याचा मला २०२४ साली चांगलाच अनुभव आला. त्या अनुभवातून जे समजले ते येथे सांगते.

माझे वडील साताऱ्यात आयकर सल्लागार आहेत. त्यांचे ऑफिस एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, तीन खोल्यांचे. काम करणारी माणसे सहा. ३१ जुलै २०२४ हा विवरणपत्रे भरण्याचा शेवटचा दिवस. त्या रात्री मीही मदतीला बसले होते. साडेदहाच्या सुमारास मागच्या खोलीतले इंटरनेट जाऊ-येऊ लागले आणि अकराला बंदच पडले. खोलीत मोबाइलची रेंजही नावालाच. अखेर बाहेर ओट्यावर बसून, मोबाइलच्या आधाराने आम्ही एकेक विवरणपत्र भरत गेलो. शेवटचे रवाना झाले तेव्हा बारा वाजून सात मिनिटे झाली होती. ते एका निवृत्त शिक्षिकेचे होते. उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्यामुळे विलंबशुल्क एक हजार रुपयांवर भागले. त्याहून अधिक असते तर पाच हजार पडले असते. ती रक्कम बाबांनी स्वतःच्या खिशातून भरली. बाईंना मात्र त्यांनी घरी जाऊन सर्व सांगितले, आणि परत आल्यावर ते बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत.

आम्ही सर्वांनी दोष दिला तो इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला. पण दोन दिवसांनी वाय-फाय पुन्हा तुटले, तेव्हा मी एक लॅपटॉप थेट तारेने राउटरला जोडून पाहिला. इंटरनेट सुरळीत चालू होते! म्हणजे लाइन शाबूत होती. दोष आमच्याच चार भिंतींत होता. नवे उपकरण घेण्यापूर्वी ही परीक्षा प्रत्येकाने करावी. तारेवरही इंटरनेट चालत नसेल, तर राउटर कितीही भारी आणा, उपयोग नाही.

आमचा राउटर कोणाच्या हाती लागू नये म्हणून पुढच्या खोलीत लोखंडी कपाटामागे ठेवलेला होता. रेडिओलहरी भिंतीतून जातात हे खरे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. परंतु प्रत्येक भिंत त्यांचे बळ थोडे कमी करते आणि लोखंड तर त्यांना माघारीच धाडते. वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती लांबवर पोहोचते, पण या पट्ट्यात एकमेकांना अडथळा न करणारे मार्ग तीनच (१, ६ आणि ११), आणि आजूबाजूची सारी दुकानेही त्यांवरच. ५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे सहा सेंटिमीटरची. तेथे वेग अधिक आणि गर्दी कमी, परंतु दोन फूट जाडीच्या भिंतीपुढे ती लवकर थकते.

आणखी एक गोष्ट. एका राउटरवर, एका मार्गावर, साधारणतः एका वेळी एकानेच बोलायचे असते. वर्गात बाई विचारतील त्यानेच उत्तर द्यावे, तसे. मागच्या बाकावरचा विद्यार्थी पुटपुटत सावकाश बोलू लागला, की सगळ्या वर्गाला थांबावे लागते. आमच्या मागच्या खोलीतले संगणक नेमके तसेच होते. एरवी ते जेमतेम निभावून जाई. त्या रात्री सहाही माणसे, त्यांचे मोबाइल आणि प्रिंटर एकदम कामाला लागले, आणि सारे कोलमडले.

आता खरेदीकडे वळू. दुकानात खोक्यावर ‘३०००’ असा ठळक आकडा दिसतो. तो बहुधा दोन पट्ट्यांची बेरीज असते: ५७४ अधिक २४०२, म्हणजे २९७६, आणि पुढे पूर्णांक. एखादा साधा लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, तेव्हा ती बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. म्हणून आकड्यावर न भुलता आम्ही वेगळेच प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: काय हलत नाही? टेबलावरचे संगणक आणि प्रिंटर जागचे हलत नाहीत. त्यांना तारच द्यावी. कॅट-६ ची तार शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार काम करते. असे केल्यावर हवेतली निम्मी गर्दी आपोआप कमी झाली.

दुसरा: एक मोठे की दोन लहान? जाड भिंतींच्या जागेत एका बलवान राउटरपेक्षा दोन साधे ॲक्सेस पॉइंट बरे, मात्र दोन्हींपर्यंत तार नेलेली हवी. नुसता रिपीटर लावला, तर तेच बोलणे त्याला हवेतून ऐकून पुन्हा सांगावे लागते आणि वेग पुष्कळदा निम्म्यावर येतो. आम्ही पुढच्या व मागच्या खोलीत छताला एकेक बसवला. त्यांना वीजही त्याच तारेतून मिळते.

तिसरा: दुरुस्ती किती वर्षे मिळणार? यंत्रातील सुरक्षेच्या उणिवा नंतर उघडकीस येतात आणि बनवणाऱ्याने त्या सुधारून पाठवाव्या लागतात. लोकांची आयकराची कागदपत्रे सांभाळणाऱ्या ऑफिसात याला फार महत्त्व आहे. डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धती असलेलेच उपकरण घ्यावे, आणि येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे.

चौथा: वीज गेली तर? संगणकांना यूपीएस होता. राउटरला आणि कंपनीच्या फायबरच्या डब्याला नव्हता. दोघांनाही तो दिला. हा खर्च सर्वांत लहान, आणि आठवण मात्र सर्वांत शेवटी झाली.

विश्वासार्हता खोक्यात भरून मिळत नाही. जागा, तार, वीज आणि वेळेवर घेतलेली काळजी यांतून ती येते, हेच या सगळ्याचे सार.

२०२५ साली विवरणपत्रांची मुदत १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. त्या रात्री ऑफिसातले काम नऊ वाजताच आटोपले. त्या शिक्षिकेचे विवरणपत्र मात्र बाबांनी जुलैमध्येच भरून टाकले होते.