बाळ लवकर आलं, मग बोलणं कधी येणार?

आजचा प्रश्न पुलगावहून आलाय. "मुलगी १४ महिन्यांची आहे. ३२व्या आठवड्यात झाली, काही दिवस काचेच्या पेटीत होती. शेजारचं तेवढंच लेकरू 'आई', 'दे' म्हणतं. आमची नुसती 'बाबाबा' करते. घरचे म्हणतात, बोलेल हळूहळू. थांबू का?"

आधी हिशोब करू. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ही आली ८ आठवडे आधी, म्हणजे साधारण दोन महिने. ते १४ मधून वजा करा. बोलण्या-चालण्याच्या हिशोबात ती आज १२ महिन्यांची आहे. याला 'दुरुस्त वय' म्हणतात. साधारण दोन वर्षांची होईपर्यंत हेच वय धरायचं. पहिला शब्द वर्षाच्या आसपास येतो, त्यामुळे तिची 'बाबाबा' ही काही घाबरण्याची गोष्ट नाही.

पण थांबा, अर्धंच उत्तर झालं. बोलण्याला सूट आहे, कानाला नाही!

लवकर जन्मलेल्या, आयसीयूत राहिलेल्या बाळांमध्ये ऐकू कमी येण्याचा धोका जास्त असतो. जास्त वाढलेली कावीळ, श्वासाचं मशीन, काही अँटिबायोटिक्स ही त्यामागची कारणं. आपण घरी काय करतो? ताट वाजवतो. बाळ दचकलं की म्हणतो, कान ठीक आहेत. पण ताटाचा आवाज मोठा असतो. थोडं कमी ऐकणाऱ्या बाळालाही तो कळतो, 'स', 'श' सारखे बारीक आवाज मात्र निसटतात. जे ऐकूच येत नाही, ते बाळ बोलणार कसं?

म्हणून डिस्चार्जची फाईल काढा. त्यात कानाच्या तपासणीचा रिपोर्ट आहे का ते बघा. आयसीयूत पाचपेक्षा जास्त दिवस राहिलेल्या बाळाची 'एबीआर' तपासणी व्हायला हवी. त्यात आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते कळतं. बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही. रिपोर्ट नसेल तर आत्ता करून घ्या. आशाताईंना, अंगणवाडीत विचारा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऐकणं आणि बोलणं दोन्ही तपासतात. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही वर्धा जिल्ह्यातच आहे.

आणि रोज बोला. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की आयसीयूत असताना ज्या बाळांच्या कानावर मोठ्यांचं बोलणं जास्त पडलं, त्यांचे भाषेचे गुण पुढे १८ महिन्यांना चांगले होते. वऱ्हाडी बोला, हिंदी बोला, चालतं. ती 'बाबाबा' म्हणाली की तुम्हीही म्हणा, मग थांबा, तिला तिची पाळी द्या. मोबाईल अशी पाळी देत नाही.

दुरुस्त वयाने १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडून येत नाहीत, तर डॉक्टरांना दाखवाच.

तर ताई, बोलण्यासाठी थोडं थांबा. कानासाठी एक दिवसही थांबू नका. भेटू पुढच्या भागात!