आजीचे माहेर कागदावर शोधताना

रायपूरहून बिलासपूरकडे निघाले, की लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचे सिलतरा लागते. या परिसरातल्या एखाद्या मराठी घरात सोयरीक जुळत असते. पाहुणे विचारतात, "तुमचं मूळ गाव कोणतं?" यजमान सांगतात, "नागपूरकडचे आम्ही!" पण नागपूरकडचे कोणते गाव? आजीचे माहेर कुठले? इथे सगळेच गप्प होतात.

छत्तीसगडात मराठी माणूस नवखा नाही. बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपूरला आले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे 1956 पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चाले. त्यानंतर राजधानी भोपाळला गेली आणि 2000 मध्ये छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले. घर एकाच जागी राहिले, तरी त्याचे जुने कागद तीन राज्यांत विखुरलेले असू शकतात.

अनेकांना वाटते, जुनी जनगणना पाहिली की झाले! ब्रिटनमध्ये 1921 च्या जनगणनेचे तक्ते 2022 मध्ये खुले झाले. अमेरिकेत 72 वर्षांनी ते पाहता येतात. आपल्याकडे मात्र 1948 च्या कायद्यानुसार घरोघरची माहिती गोपनीय असते. जुन्या जनगणनेच्या छापील अहवालांत गाव, जाती, भाषा यांचे आकडे मिळतात. आजोबांचे नाव मिळत नाही.

मग शोध कुठे घ्यायचा? सुरुवात घरच्या ट्रंकेपासून करावी. वर्तमानपत्रातले निधनवार्तेचे कात्रण, तेराव्याचे पत्र, लग्नपत्रिका यांपैकी काहीही उपयोगी पडते. 'त्यांच्या पश्चात' या दोन शब्दांपुढे मुले, मुली, जावई, भाऊ यांची नावे आणि गावे येतात. हरवलेली एक शाखा त्या ओळीत सापडू शकते. कात्रणावर तारीख असेल, तर त्याच सुमाराचे अंक जुन्या ग्रंथालयात चाळता येतात.

त्यानंतर सरकारी दप्तर. छत्तीसगडात गावच्या कोटवाराची जन्ममृत्यूची नोंदवही, जमिनीच्या बंदोबस्ताची 'मिसल' आणि शाळेचा दाखल-खारीज. विदर्भात कोतवाल बुक. हे कागद नुसत्या हौसेचे नाहीत. जातीचा दाखला काढताना अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना 1950 पूर्वीचा पुरावा लागतो आणि मुलांचा प्रवेश किंवा नोकरी त्यावर अडते.

खरी अडचण बायकांच्या बाबतीत येते. जुन्या जन्मनोंदीत पुष्कळदा नुसते 'मुलगी' असते आणि पुढे बापाचे नाव. लग्नात आडनावाबरोबर तिचे नावही बदलले जाई. त्यामुळे माहेरची यमुना सासरी लक्ष्मी झाली, की कागदावर ती दोन वेगळ्या बायका ठरते. अशा वेळी तिच्या भावाच्या निधनवार्तेतले 'बहीण' हे नाव आणि त्यापुढचे गाव हाच दुवा उरतो. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांतही कुळाच्या नोंदी असतात. मात्र तिथे जाताना मूळ गाव आणि आडनाव ठाऊक हवे.

म्हणून आजच एक वही घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि प्रत्येक बाईचे माहेरचे नाव, आडनाव, गाव लिहून ठेवा. पुढे कधी घरातल्या कुणाची निधनवार्ता द्यायची वेळ आली, तर तिच्यात लेकीसुनांची नावे गाळू नका. उद्या एखादी नात त्याच ओळीवरून आपले घर शोधत येईल.