इसबगोल आणि सुजलेलं आतडं
कांदा-लसणातले काही तंतू आपल्याला पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात. त्यातून निघणारं ब्युटिरेट म्हणजे आतड्याच्या अस्तराचं इंधन. मग आतडं सुजलेलं असताना असे तंतू, म्हणजे प्रीबायोटिक, भरपूर खावेत? घाई नको. ब्रिटनमधल्या २०११च्या चाचणीत सक्रिय क्रोन्सच्या (आतडं सुजवणाऱ्या एका आजाराच्या) रुग्णांना रोज १५ ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हा प्रीबायोटिक देऊनही आजारात उतार पडला नाही. तंतूंपैकी आपला घरगुती इसबगोल जरा बरा: १९९९च्या स्पॅनिश अभ्यासात, शांत झालेला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार, पुन्हा उसळू न देण्यात त्याचं बी मेसालामाइन या नेहमीच्या औषधाच्या जवळपास पोचलं. अभ्यास लहानच होता, तेव्हा गोळ्या बंद करू नका. आतडं कुठे आकसलं असेल, तर फुगलेला इसबगोल तिथेच अडकू शकतो. डॉक्टरांना आधी विचारा.