हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

इमारत एकदा उभी राहिली की तिच्यातले सिमेंट किंवा मजुरी परत काढून नेता येत नाही. मग ज्याचे पैसे थकले त्याने काय करावे? अमेरिकेत यावर बांधकामाचा 'लियन' हा हक्क आला. मेरीलँड राज्याने १७९१ साली, वॉशिंग्टन शहर उभारण्याच्या काळात, तसा कायदा केला. येणे बुडाले तर कारागीर त्या मालमत्तेवरच बोजा चढवू शकतो. आपल्या सातबारावर बँकेचा बोजा चढतो, साधारण तसेच समजावे.

यात मालकाची मात्र पंचाईत होते. त्याने मुख्य कंत्राटदारास पूर्ण पैसे दिले, पण कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराचे बुडविले, तरी बोजा मालकाच्या घरावर! म्हणून मालक पैसे देताना हक्क सोडल्याचे पत्र, म्हणजे 'लियन वेव्हर', मागतो.

आपल्यातील काही कुटुंबांची मुले आज तिकडे घरे घेतात, बांधकाम क्षेत्रात नोकरी करतात. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियाची पद्धत सांगतो. तेथे या पत्राचे चार नमुने कायद्यानेच ठरवून दिले आहेत. दोन चालू हप्त्याचे, दोन अंतिम बिलाचे; प्रत्येकात एक सशर्त व एक बिनशर्त. सशर्त पत्र पैसे प्रत्यक्ष मिळाल्यावरच लागू होते. बिनशर्त पत्र सही होताच बांधते, पैसे मिळालेले नसले तरी! तशी सूचना नमुन्यावर छापलेली असते. पण घाईत वाचतो कोण? समजा, फरशी बसविणाऱ्याचे १०,००० डॉलर येणे आहे. चेक वटण्यापूर्वीच त्याने बिनशर्त पत्र दिले आणि चेक परत आला. कंत्राटदारावर दावा लावता येईल, परंतु घरावरील बोज्याचे हत्यार हातचे गेले.

मुदतीही कडक आहेत. पोटकंत्राटदाराने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत प्राथमिक नोटीस द्यावी. रोजंदारीच्या मजुरास ही अट नाही. काम संपल्यावर बोजा नोंदविण्यास ९० दिवस मिळतात. मालकाने काम पूर्ण झाल्याची रीतसर नोंद केली, तर पोटकंत्राटदारास ३० च.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यातील लियन ताब्यात दिलेल्या वस्तूंपुरताच आहे, बांधलेल्या इमारतीवर चालत नाही. अंतिम बिलापूर्वी 'नो क्लेम' लिहून घेण्याची रीत मात्र येथेही आहे. तेव्हा बाकी रक्कम, जादा कामाचे पैसे व अनामत यांचा उल्लेख त्याच कागदावर, सहीच्या वर करून घ्यावा.